‘उत्तर’ म्हणजे नंतरचं की जबाब? वसाहतोत्तर साहित्याचा अभ्यासक नेमकं काय करतो

एम.ए.ला ‘वसाहतोत्तर साहित्य’ हा पेपर घेतलेल्या बहुतेकांची पहिली समजूत अशी असते, की १९४७ नंतर लिहिलं गेलं ते वसाहतोत्तर. शब्दावरून तसं वाटणं साहजिक आहे. पण मराठीत ‘उत्तर’ म्हणजे नंतरचं, आणि ‘उत्तर’ म्हणजे जबाबसुद्धा. या विषयात दुसरा अर्थ जास्त कामाचा आहे. इंग्रजांचं राज्य आलं ते एकटं आलं नाही. त्याबरोबर शाळा आल्या, छापखाने, कोश, कायदे, नकाशे आले, आणि ‘तुम्ही लोक असे असता’ हे आपल्यालाच सांगणारी पुस्तकं आली. ज्यांच्यावर राज्य झालं त्यांनी या सगळ्याला लिहून काय जबाब दिला, कोणी दिला, कोणाला उद्देशून दिला आणि तो कोणी ऐकला, हे तपासणं म्हणजे हा अभ्यास. त्या जबाबाची सुरुवात १९४७ च्या शंभरेक वर्षं आधीच झालेली दिसते.

पुण्यात बसून हे समजून घ्यायला सोपं जातं. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा उघडली, तीही पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देत त्या निधीच्या पैशातून, आणि पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडीला दिलं जातं, आणि कँडीचं बरंचसं काम पुण्यातलंच. आज आपण वाक्य कुठे तोडतो, स्वल्पविराम कुठे देतो, ही सवयसुद्धा त्या काळातून आलेली आहे. या विषयाचा कच्चा माल मराठी वाक्याच्या शेवटच्या टिंबापर्यंत पसरलेला आहे, तो असा.

विद्यापीठांत हा विषय उभा राहिला तो बराच उशिरा. आधी त्याला ‘कॉमनवेल्थ साहित्य’ म्हणत. १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला परिषद झाली, पुढच्याच वर्षी त्या नावाचं नियतकालिक निघालं. १९६८ मध्ये केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नैरोबी विद्यापीठात इंग्रजी विभागच बंद करून त्या जागी आफ्रिकी साहित्य आणि भाषा केंद्रस्थानी आणाव्यात अशी मागणी केली. १९७८ मध्ये एडवर्ड सैद यांचं ‘ओरिएंटॅलिझम’ आलं आणि चर्चेचा सूर बदलला. सैद यांचा मुद्दा साध्या शब्दांत असा: पूर्वेकडच्या देशांबद्दल युरोपात जे ज्ञान तयार झालं, ते राज्य करण्याच्या गरजेपासून वेगळं काढता येत नाही. १९८९ मध्ये गौरी विश्वनाथन यांनी दाखवलं, की इंग्रजी साहित्य हा शिकवण्याचा विषय म्हणून भारतात आधी रुजला आणि खुद्द इंग्लंडच्या विद्यापीठांत नंतर. आपल्याकडे मीनाक्षी मुखर्जींनी १९७१ मध्ये इंग्रजीतून लिहिलेल्या भारतीय कादंबरीवर आणि १९८५ मध्ये भारतीय भाषांतल्या कादंबरीतल्या वास्तववादावर लिहिलं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने मुखर्जींपासून सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. त्या सिद्धान्त कृतीच्या आधी आणत नाहीत.

तीन संज्ञा मात्र टाळता येत नाहीत. पहिली ‘नक्कल’. या क्षेत्रातले सिद्धान्तकार होमी भाभा म्हणतात, राज्यकर्त्याला प्रजा आपल्यासारखी हवी असते, पण पुरती आपल्यासारखी झालेली नको असते. इंग्रजी शिकलेला कारकून हवा, त्याच इंग्रजीत हक्क मागणारा नको. दुसरी ‘संकर’, म्हणजे दोन संस्कृतींची सरमिसळ. १८८३ मध्ये आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं आणि डेन्मार्कचा राजपुत्र चंद्रसेन झाला. हे भाषांतर निव्वळ इंग्रजी राहिलेलं नाही आणि निव्वळ देशीही नाही. शेक्सपिअर शिकवला गेला एका हेतूने, वापरला गेला दुसऱ्याच. तिसरी संज्ञा सगळ्यांत जास्त चुकीची वापरली जाते: ‘सबाल्टर्न’, म्हणजे सत्तेच्या उतरंडीत अगदी तळाला असलेला माणूस. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा ‘सबाल्टर्न बोलू शकतो का’ हा निबंध १९८८ चा. त्यात तळातला माणूस मुका आहे असं म्हटलेलं नाही. तो बोलतो, पण त्याचं बोलणं ऐकून घेईल, नोंदवेल, खरं मानेल अशी व्यवस्थाच नसते, हा त्यांचा मुद्दा आहे. एवढा फरक हुकला की पुढचा सगळा प्रबंध हुकतो.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका मजकुरावर पाहू. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवे या साधारण चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदया’त दोन भागांत छापला गेला. काही पानांचाच मजकूर आहे, पण त्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

पहिली पायरी छापील जागेची. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केलेलं पत्र. त्यांचा धर्मप्रसाराचा हेतू उघड होता. हिंदू धर्मातल्या विषमतेवर बोट ठेवणारा मजकूर त्यांना हवाच होता. म्हणून हा निबंध मिशनऱ्यांच्या सोयीचा ठरवून बाजूला ठेवणं सोपं आहे आणि ते चूक आहे. त्या वर्षी मांग समाजातल्या मुलीला छापायला दुसरी कुठली जागा खुली होती, हा प्रश्न आधी विचारायचा.

दुसरी पायरी शब्दांची. मुक्ता विचारते, की वेद ब्राह्मणांचे, ते आम्ही पाहायचेही नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता? ती देवालाच सांगते, तुझा कोणता धर्म आम्ही घ्यावा ते कळव. इथे अभ्यासकाने थांबून पाहायचं, की मिशनरी पत्रात लिहूनही तिने उत्तर ठरवून टाकलेलं नाही. प्रश्न खुला ठेवला आहे. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, ऊन-पाऊस-वाऱ्याने तिला काय सोसावं लागतं, हे ती स्वतंत्रपणे लिहिते. जातीच्या दुःखात बाईचं दुःख वेगळं काढून दाखवणारी ही नजर १८५५ ची आहे.

तिसरी पायरी सगळ्यांत नाजूक. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असं ती सांगते. पेशवाई संपून तेव्हा ३७ वर्षं झाली होती, म्हणजे तिने हे पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. दोन चुका इथे हमखास होतात. एकजण हे विधान दप्तरातल्या नोंदीसारखं तारखेनिशी झालेली घटना म्हणून वापरतो. दुसरा त्याला सरकारी कागदाचा आधार मागतो आणि तो मिळत नाही म्हणून विधान खोडून टाकतो. पेशवे दप्तर ज्यांनी लिहिलं त्यांच्यात मांग-महार नव्हते, मग त्यांचा अनुभव तिथे सापडेल कसा? खरं काम मधलं आहे: वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली आठवण म्हणून हा मजकूर वाचायचा, त्याच काळातल्या दुसऱ्या आठवणींशी ताडायचा, आणि एका समाजाने मागच्या राज्याची आठवण अशी का जपली हे विचारायचं.

चौथ्या पायरीवर सिद्धान्ताचीच परीक्षा होते. मुक्ता इंग्रज सरकारला शिव्या देत नाही, उलट त्याच्या राज्यात छळ कमी झाला म्हणते. फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. ती त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तिला इंग्रजीत प्रस्तावना जोडली आणि मुख्य मजकूर जोतीराव-धोंडिबा संवादाच्या रूपात मराठीत ठेवला. या दोन्ही कृतींत जुलूम करणारा परका एकटा नाही, घरचाही आहे. ‘राज्यकर्ते विरुद्ध आपण’ ही दुहेरी मांडणी घेऊन जो येतो, त्याला हे लेखन एकतर इंग्रजधार्जिणं ठरवावं लागतं नाहीतर गाळावं लागतं. दोन्ही वेळा दोष चौकटीचा असतो. ज्या सिद्धान्तात मुक्ता साळवे मावत नाही, तो पुण्याच्या अभ्यासकाने दुरुस्त करूनच वापरला पाहिजे. या क्षेत्राला आपल्याकडून देण्यासारखं काही असेल तर ते हेच आहे.

विषय निवडताना हे लक्षात ठेवलं तर पुढची वर्षं वाचतात. सर्वाधिक वाया जाणारे प्रबंध असे असतात: इंग्रजीतल्या त्याच चार-पाच गाजलेल्या कादंबऱ्या आणि त्यांत ‘संकर’ किंवा ‘ओळख’. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, कारण सिद्धान्ताची चाळणी घेऊन गेलं की चाळणीच्या भोकांच्या मापाचंच पीठ खाली पडतं. शीर्षकात ‘भारतीय’ आणि आत फक्त इंग्रजी, हा दुसरा दोष. विषय पक्का करण्याआधी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, त्याच लेखकाचं नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत घालून शोधावं. एकाच लिपीत शोधल्यामुळे झालेलं काम पुन्हा नोंदवलं गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

चांगला विषय बहुधा दोन मजकुरांमधल्या अंतरात सापडतो. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८८७ मध्ये त्यांनी अमेरिकेत इंग्रजीतून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक प्रसिद्ध केलं. वाचक अमेरिकन, आणि विधवांच्या शाळेसाठी मदत उभी करायची होती. १८८९ मध्ये त्यांनीच मराठीत युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर आणि प्रवासावर पुस्तक लिहिलं. इथे वाचक मराठी आणि निरखला जाणारा समाज अमेरिकन. एकच बाई, दोन वर्षांचं अंतर, नजरेची दिशा उलटी. इंग्रजीत काय समजावून सांगावं लागलं, मराठीत काय गृहीत धरलं, अमेरिकेतल्या वर्णभेदाबद्दल मराठी वाचकाला काय सांगितलं, हे शेजारी शेजारी ठेवलं की प्रश्न आपोआप उभे राहतात. रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारलं ते केडगाव पुण्यापासून फार लांब नाही.

पीएच.डी.च्या नोंदणीची वाट थोडक्यात. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५० चालतात. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), सेट (राज्य पातळीवरची) किंवा पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) यांतून प्रवेश होतो. महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. नेटला पहिला पेपर ५० प्रश्नांचा आणि दुसरा १०० प्रश्नांचा, सलग तीन तास. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, पीएच.डी. कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, त्यापुढे मुदतवाढ दोन वर्षांची. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. त्यामुळे मार्गदर्शक ठरवताना नावाआधी जागा रिकामी आहे का ते विचारा, आणि त्यांना तुमच्या मूळ मजकुराची भाषा येते का तेही. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. शिष्यवृत्ती देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्थांपैकी बार्टी आणि सारथी पुण्यातच आहेत, महाज्योती नागपूरला. त्यांच्या जाहिराती वर्षभर ठरावीक वेळी येतीलच असं नाही, म्हणून जातीचं प्रमाणपत्र, नोंदणीपत्र आणि मार्गदर्शकाचं पत्र आधीच तयार ठेवावं.

पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि भाषेत जातं, आणि जाऊ द्यावं. एकोणिसाव्या शतकातली छापील मराठी वाचायला सरावाचे दोन-तीन महिने लागतात. संस्कृत वळणाचं गद्य, लांबच लांब वाक्यं, वेगळं शुद्धलेखन. हस्तलिखितांकडे जायचं असेल तर मोडी शिकावीच लागेल. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, पण अक्षरं ओळखणं आणि एखाद्याचं घाईतलं हस्ताक्षर वाचणं यांत महिन्यांचं अंतर असतं, हे वेळापत्रकात धरा.

कुठे काय मिळतं हे माहीत असणं म्हणजे निम्मं काम. जुनी मराठी पुस्तकं पाहायला १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर आणि टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद. संदर्भ आणि आधीचे प्रबंध पाहायला विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय. मोडी कागदांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दप्तर. सरकारी अहवाल आणि आर्थिक आकडे गोखले इन्स्टिट्यूटमध्ये. छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या निघत. त्यांत छापखाना, पानं, प्रतींची संख्या आणि किंमत दिलेली असे. एखादं पुस्तक ‘खूप गाजलं’ असं लिहिण्याआधी त्याच्या किती प्रती छापल्या होत्या ते या याद्यांत पाहता येतं. साहित्याचे विद्यार्थी तिकडे फारसे वळत नाहीत, याचं वाईट वाटतं.

पुस्तक हातात आलं की टिपण घेण्याआधी मुखपृष्ठ, आतलं शीर्षकपान, अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि छापखान्याचं पान यांची नोंद करा. नंतरच्या आवृत्तीत यांतलं काहीही गळलेलं असू शकतं. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका गाळून वाचली तर पुण्यातलं पुस्तक अमेरिकेशी बोलत होतं हेच कळणार नाही. प्रत्येक टिपणावर आवृत्तीचं साल, पान क्रमांक आणि कुठल्या ग्रंथालयाची प्रत हे तीन तपशील हवेतच. दोन वर्षांनी प्रकरण लिहिताना पान क्रमांक नसलेलं उद्धरण निरुपयोगी होतं आणि तेवढ्यासाठी पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. जुना कागद दुमडला की तुकडा पडतो. पान पूर्ण सपाट करू नका, फोटोची परवानगी लेखी घ्या, फ्लॅश बंद ठेवा.

लिहिताना मूळ मजकूर किमान तीनदा वाचलेला असावा: एकदा सलग, एकदा पेन्सिल घेऊन, आणि एकदा प्रकरणाचा कच्चा खर्डा झाल्यावर, आपण केलेली विधानं खोटी ठरवणाऱ्या जागा शोधण्यासाठी. ही तिसरी फेरी बहुतेकजण टाळतात. मौखिक परीक्षेत बाहेरचा परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतो. मराठी उद्धरण देताना मूळ ओळ आणि स्वतःचं भाषांतर दोन्ही द्यावं, म्हणजे वाचकाला पडताळता येतं. उचलेगिरी पकडण्यासाठी होणाऱ्या साम्य-तपासणीत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. ते १० ते ४० च्या मध्ये असेल तर सहा महिन्यांत सुधारून प्रबंध पुन्हा द्यावा लागतो, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. देवनागरी मजकुराची तपासणी सॉफ्टवेअरला नीट जमेलच असं नाही, म्हणून कोणी मराठीतून उचलतं. मराठी वाचणारा परीक्षक ते पहिल्या पानावर ओळखतो.

प्रबंधाच्या प्रकरणातून लेख करताना नियतकालिक तपासून निवडा. आठ दिवसांत स्वीकृती आणि लगेच पैशाची मागणी म्हणजे तपासणी झालेली नाही. मान्य नियतकालिकांची युजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता जबाबदारी लेखकाची आणि संस्थेची. संपादक मंडळातली माणसं खरोखर या विषयात लिहितात का, मागच्या दोन वर्षांचे अंक उघडतात का, एवढं पाहिलं तरी बरीच चाळण होते.

नोकरीचं खरं चित्र सांगायलाच हवं. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, पण कायम जागा कमी निघतात आणि अनेकांची कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर जातात. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि दोन-तीन कॉलेजांत मिळून वर्ग घ्यायचे तर ग्रंथालयात बसायला दुपार उरत नाही. या काळात संशोधन टिकवायचं असेल तर मोठं पुस्तक बाजूला ठेवून एकाच मजकुरावरचं छोटं, पूर्ण होणारं काम हाती घ्यावं: एक भाषांतर, एक टिपणांसह छापलेला जुना लेख, एका नियतकालिकाची सूची. निवड समितीला ते दाखवता येतं आणि दुसऱ्या अभ्यासकाला त्याचा उपयोग होतो.

टिपांसह भाषांतर हे कारकिर्दीच्या उत्तरार्धातलंही सर्वांत मोलाचं काम असतं, कारण तोवर कान तयार झालेला असतो. मुक्ता साळवेचा निबंध इंग्रजीत नेताना ‘मांग’ आणि ‘महार’ ही नावं तशीच ठेवायची, त्यांची ‘अस्पृश्य’ म्हणून एक मोट बांधायची नाही, कारण तिने दोन्ही नावं घेऊन लिहिलं आहे. ‘दांडू’ला ‘बॅट’ लिहिलं की क्रिकेट डोळ्यांसमोर येतं, म्हणून तिथे ‘दांडू’ ठेवून टीप द्यावी. आणि ‘गुलटेकडी’ला टीप हवीच: पुणे शहर, सध्याचा मार्केट यार्डचा परिसर, निबंध छापला गेला त्याच्या ३७ वर्षांआधी संपलेल्या राज्याची आठवण.